पाणी वरून येतंय

सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय,

हा एक शब्द लिहून पाच मिनिटं नुसता बसलो. चाळीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. माझा हात तक्रारअर्जांवर बसलेला, त्यामुळे पहिल्यांदा 'महोदय' लिहून खोडलं.

फ्रिजवरची तुझी चिठ्ठी मिळाली. 'मी जाते. भिंतीत पाणी कुठून येतं ते शोधा आणि खरं काय ते कळवा. तोवर घरात पाऊल टाकणार नाही. फोन करू नका, फोनवर तुमचा आवाज चढतो. लिहा.' खाली सही नाही, पण अक्षर तुझंच आहे.

तू लेकीकडे गेली असणार हे उघड आहे. आज संध्याकाळी जावई आले होते. मी त्यांना एवढंच विचारलं, "पत्र दिलं तर पोचवाल का?" ते म्हणाले, "पोचवतो की, बाबा." म्हणून हे लिहितोय.

शनिवारी सकाळी जे झालं ते बरं झालं नाही, हे मला मान्य आहे. भिंतीचा हातभर पोपडा तुझ्या उशीवर पडला आणि उशीवर तू होतीस. पण मी कागद-पेन शोधायला उठलो यात एवढं चिडण्यासारखं काय होतं? पुरावा ताजा होता. वरच्या बाईंना बारावा तक्रारअर्ज लिहायला याहून चांगली वेळ कोणती? 'तुला लागलं का' हे मी विचारणारच होतो, अर्ज झाल्यावर.

बाथरूम आणि बेडरूमच्या मधली ती भिंत अकरा वर्षं ओली आहे आणि अकरा वर्षं मी एकच सांगतोय, पाणी वरून येतंय. माझ्या अर्जांमुळे वरच्या बाईंनी त्यांचं बाथरूम दोनदा फोडून पुन्हा बांधलं. तरी ओल गेली नाही, याचा अर्थ दोन्ही वेळा त्यांनी काम नीट केलं नाही. त्या तुझी जिवाभावाची मैत्रीण होत्या, रोज चार वाजताचा तुमचा चहा एकत्र व्हायचा आणि तो माझ्यापायी बंद पडला, हे तू मला महिन्यातून एकदा तरी ऐकवतेस. पण मी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. तराजूत खोट दिसली तर सख्ख्या बहिणीचं दुकान असलं तरी सोडलं नाही. (खरोखरच बहिणीचं होतं. तीही बोलत नाही.)

उद्यापासून मिस्त्री येतोय. सगळं बाथरूम मुळापासून नवीन करायचं ठरवलंय. भिंत उघडली की एकदाचा सोक्षमोक्ष लागेल आणि मग कुणी कुणाची माफी मागायची ते बघू.

तुझाच


बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रिय,

काम सुरू झालं. मिस्त्री पन्नाशीचा, काटकुळा आणि तोंडाचा फटकळ आहे. आपल्याशी कमी आणि भिंतीशी जास्त बोलतो.

पहिल्याच दिवशी त्याने फरशी उचलली, तर खाली दुसरी फरशी. ती उचलली, तर खाली तिसरी. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, घर उंच करायचं होतं का कुणाला?" मग त्याने मगभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे बघायलाही तयार नव्हतं. ते सरळ दाराकडे निघालं.

"हा उतार कुठल्या शहाण्याने काढलाय?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "आधीचा मालक."

तोंडातून निघून गेलं. पण मिस्त्रीला ते इतकं पटलं की मागे घेता येईना. दिवसभर तो त्या आधीच्या मालकाचा उद्धार करत होता. गीझरची वायर बाहेर काढली, तर तिच्या सांध्याला जखमेवर लावतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली. मिस्त्रीने ती चिमटीत धरून मला दाखवली. "लागलं असेल हो तिला. पण साहेब, एवढ्या वर्षांत तुम्हाला शॉक नाही बसला?"

मला त्या गीझरपाशी अधूनमधून मुंग्या यायच्या, ते मी वयावर ढकलत होतो. हे त्याला सांगितलं नाही. उलट मीही म्हणालो, "काय एकेक लोक असतात! अशा माणसाच्या हातात हातोडी द्यायलाच नको." बोलताना आवाजात खरा संताप होता.

ओलीचं अजून काही कळलेलं नाही. पण वरूनच आहे.

तुझाच

ता. क. जावई पत्र घेतात आणि जिना उतरायच्या ऐवजी वर चढतात. विचारलं तर म्हणाले, "गच्चीवर मोबाइलला रेंज चांगली येते, बाबा." आजकालच्या फोनचं काही खरं नाही.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी जावयांनी आणून दिली. 'आधीचा मालक कोण? आपण घर घेतलं तेव्हा भिंतींना रंगसुद्धा लागला नव्हता.'

बरं बाई. मीच तो. उतार मी काढला, पट्टी मी लावली, फरशीवर फरशी मी चढवली. जुनी उखडायला त्रास होतो म्हणून. झालं समाधान? गेली कित्येक वर्षं अंघोळ झाली की तू वायपर घेऊन पाणी दारातून जाळीकडे ढकलत होतीस आणि मी पेपर वाचत बसून विचारायचो की तुला बाथरूममध्ये एवढा वेळ का लागतो. हे मला मंगळवारी मिस्त्रीने मगभर पाणी ओतलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. बरं वाटलं नाही.

पण मिस्त्रीला सांगणं आता शक्य नाही. प्रकरण फार पुढे गेलंय. काल वॉशबेसिन काढलं, तर मागच्या भोकात ओंजळभर सिमेंट थापलेलं आणि त्या सिमेंटमध्ये माझा चष्मा. तोच, काळ्या काड्यांचा, जो तू हरवलास म्हणून मी आठवडाभर अबोला धरला होता. एक काडी आत आणि एक बाहेर, अशा अवस्थेत तो माझ्याकडे बघत होता. मिस्त्रीने लगेच प्लंबरला हाक मारली. प्लंबर म्हणजे त्याचा मेहुणा, गोलमटोल आणि हसरा. दोघांनी मिळून निष्कर्ष काढला की आधीच्या मालकाला दिसत नव्हतं, त्यामुळे बाकीच्या कामाचा आपोआप उलगडा होतो.

"साहेब, तुमचा याच घडणीचा आहे की," प्लंबर माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत म्हणाला.

मी म्हणालो, "चांगल्या कंपनीचा असतो."

आणखी एक. तू लिहिलंस, 'मिस्त्रींना खोकला झालाय, त्यांना प्यायला गरम पाणी देत जा.' देतो. पण त्यांना खोकला झाल्याचं तुला कसं कळलं? जावयांच्या पोटात काही राहत नाही असं दिसतं.

तुझाच


सोमवार, १० नोव्हेंबर

प्रिय,

आज चाचणी झाली. निकाल मिश्र आहे.

बाकी ठीक. मी सकाळ-संध्याकाळ ब्रेड खातो. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. मिस्त्री उद्या त्या भिंतीची वरची बाजू, म्हणजे कपडे वाळत घालायच्या दांडीच्या मागची, फोडायची म्हणतोय. मी त्याला सांगितलं की तिथे फोडण्यासारखं काही नाही. उगाच धूळ होते.

तुझाच


बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय,

'निकाल मिश्र म्हणजे काय? निळं पाणी आलं की नाही?' असं तू विचारतेस. पाणी निळं होतं हे मी लिहिलंच नव्हतं. जावयांना एकदा समोर बसवून बोलायला हवं.

तर ऐक. प्लंबर वर गेला. त्याने वरच्या बाईंच्या बाथरूममधली जाळी बोळा घालून बंद केली, दोन इंच पाणी भरलं आणि त्यात पाकीटभर नीळ कालवली. म्हणाला, "वरून गळत असेल तर संध्याकाळपर्यंत तुमची भिंत निळी होते की नाही बघा." मला तर आनंदच झाला. आयुष्यभर मी हेच केलं, मोजून दाखवायचं आणि समोरच्याला गप्प करायचं. मी भिंतीसमोर स्टूल टाकलं, वही घेतली आणि सकाळी आठपासून दर पंधरा मिनिटांनी नोंद केली. आठ वाजता, ओल पांढरी. सव्वाआठला, ओल पांढरी. दुपारी एकला मला जरा निळसर वाटलं. प्लंबरने माझ्या चष्म्याची काच पुसून दिली, मग पुन्हा पांढरी. संध्याकाळी आठपर्यंत भिंतीतून नेहमीसारखं पाणी झिरपत होतं आणि त्यात निळ्याचा एक टिपूसही नव्हता.

प्लंबर म्हणाला, "साहेब, वरच्या बाई शंभर टक्के सुटल्या." मी म्हणालो, नीळ हलक्या प्रतीची असेल. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी दुकानदारांकडे असाच बघायचो.

मिस्त्रीला आणि त्याला मी शुक्रवारपर्यंत सुट्टी दिली आहे. विचार करतोय की ती भिंत आहे तशीच ठेवावी आणि वरून चांगली टाइल लावून टाकावी. टाइलला पोपडे येत नाहीत. तुझ्या उशीवर काही पडणार नाही. तुला पोपड्याचाच त्रास होता ना?

तुझाच


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय,

तुझी चिठ्ठी वाचली. 'दांडीच्या मागे काय आहे?' एवढंच.

आज सकाळी मिस्त्री आणि प्लंबर सुट्टी संपायच्या आत आले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ओल्या भिंतीवर टाइल लावून मी नाव घालवणार नाही. दुसरा माणूस बघा, नाहीतर बाजूला व्हा." मी बाजूला झालो.

त्याने दांडी काढली. डाव्या बाजूचा चार इंची खिळा काढायला पकड लावली आणि ओढला. त्यासरशी भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट समोरच्या भिंतीवर. मिस्त्री नखशिखान्त भिजला. प्लंबर टाकीचा कॉक बंद करायला पळाला. सगळं शांत झाल्यावर मिस्त्रीने प्लास्टर सोलून दाखवलं. गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणारा आपला पाइप आणि त्याच्या बरोबर मध्ये भोक. खिळा त्यात अकरा वर्षं बुचासारखा बसला होता, त्यामुळे पाणी धो धो न येता नुसतं झिरपत राहिलं.

मिस्त्री तोंड पुसत म्हणाला, "तो आधीचा मालक मला एकदा भेटायला पाहिजे."

मी म्हणालो, "भेटलाय. मीच."

"खिळा?"

"खिळा, उतार, पट्टी. चष्मापण."

तो उलट्या बादलीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, मग प्लंबरने त्याची पाठ चोळली आणि चोळता चोळता तोही हसायला लागला. मी गरम पाणी आणून दिलं. पिऊन झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, दहा दिवस मी तुमच्या तोंडावर तुम्हाला शिव्या घातल्या आणि तुम्ही त्यात भर घालत होतात. असा माणूस मी नाही पाहिला." मग म्हणाला, "माझ्यासुद्धा घरातला नळ गळतो. बायको रोज बोलते."

आता जे मिस्त्रीलाही सांगितलं नाही ते तुला लिहितो. दांडी लावून द्या म्हणून तू मागे लागली होतीस, माणूस बोलवू का असंही विचारलं होतंस. मी म्हणालो, माणूस कशाला, मी आहे ना. शेवटचा घाव घातला तेव्हा आतून 'फुस्स' असा आवाज आला आणि खिळ्याच्या बाजूने पाण्याचा एक थेंब आला. एकच. मी तो अंगठ्याने पुसला. दुसरा आला. मी साबणाची वडी ओली करून भोवती दाबली, खिळा आणखी दोन घाव आत ठोकला, थेंब थांबला. तू बाहेरून विचारलंस, "झालं का?" मी म्हणालो, "झालं."

दोन महिन्यांनी भिंतीवर ओल दिसली. तू म्हणालीस, हे काय? आणि माझं बोट आपसूक वर गेलं. त्या क्षणी मला तो थेंब आठवला होता. मग मी पहिला अर्ज लिहिला आणि लिहिता लिहिता माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. प्रत्येक अर्जागणिक जास्त बसला. अकराव्या अर्जापर्यंत मी तो थेंब साफ विसरलो होतो असंही म्हणता आलं असतं, पण मग दांडीकडे बघायचं मी टाळलं नसतं. मी टाळत होतो. तुझी मैत्रीण गेली, तुझा चार वाजताचा चहा गेला आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो. मला माझी लाज वाटते. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुझाच


शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय,

'मला नका सांगू. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.' बरोबर आहे.

वरच्या बाईंना द्यायला मसुदा केला. 'सन्माननीय महोदया, वरील विषयास अनुसरून, माझ्या दिनांक अमुक ते तमुकच्या एकूण अकरा अर्जांतील मजकूर अनवधानाने...' इथपर्यंत आलो आणि तो कागद फाडला. अनवधान कसलं? चार इंची खिळा होता.

उद्या सकाळी स्वतः जातो. खिळा खिशात घेऊन जातो. भीती वाटतेय. दुकानांवर धाडी घालताना कधी वाटली नव्हती.

तुझाच


रविवार, १६ नोव्हेंबर

पत्ता: वरचा मजला

प्रिय,

हे पत्र जावयांकडे दिलेलं नाही. वरच्या बाईंच्या दाराखालून सरकवणार आहे. त्यांनी आधी वाचलं तरी हरकत नाही.

मी बेल वाजवली तेव्हा काय झालं ते तू आतून ऐकलंच असशील, तरी माझ्या बाजूने लिहितो. बाईंनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, "बोला, निरीक्षक." पूर्वी त्या मला भाऊजी म्हणायच्या, आठवतं? मी खिळा तळहातावर ठेवून पुढे केला आणि थेंबापासून सगळं सांगितलं. साबणही सांगितला. म्हणालो, "तुमचं बाथरूम दोनदा फोडायला लावलं, तुमची मैत्रीण तोडली आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं चुकलं. तुम्ही दार लावून घेतलंत तरी चालेल."

त्यांनी दार लावलं नाही. आत जाऊन एक फाइल आणली. त्यात माझे अकराच्या अकरा अर्ज होते, ओळीने लावलेले. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, तिने प्रत्येक अर्ज लाल शाईने तपासला होता. पहिल्यावर 'सिद्धता अपूर्ण', दहापैकी तीन. तिसऱ्यावर 'पायऱ्या दाखवल्या नाहीत', दोन. अकराव्यावर नुसता भोपळा. त्यांनी मला तिसरा अर्ज दारात उभं राहून मोठ्याने वाचायला लावला, तो, ज्यात मी त्यांच्या स्वच्छतेच्या सवयींबद्दल लिहिलं होतं. मी वाचला. समोरच्या बिऱ्हाडातल्यांनीही दार किलकिलं करून ऐकला. वाचून झाल्यावर मान वर करायची हिंमत होईना, म्हणून मी खालीच बघत राहिलो.

तेव्हा चपला दिसल्या. दाराआडच्या मांडणीत, खालच्या कप्प्यात. उजव्या चपलेचा तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला. असं काम या जगात फक्त एक माणूस करतो.

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग त्यांनी पेन काढलं, माझ्या हातातल्या तिसऱ्या अर्जावरचे दोन खोडून पाच केले आणि म्हणाल्या, "वाचन बरं होतं, भाऊजी. पाणी हवंय?"

मला पाणी नको होतं. तसाच खाली आलो.

आता सगळी बेरीज जुळते. गच्चीवरची रेंज, मिस्त्रीचा खोकला, निळं पाणी. त्या दिवशी तुम्ही दोघींनी अंघोळीशिवाय दिवस काढला असणार आणि तरी तू खाली येऊन माझ्या वहीचे तुकडे केले नाहीस. तू लेकीकडे गेलीस असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. तू लिहिलं नव्हतंस, जावई म्हणाले नव्हते. मीच ठरवलं आणि चौदा दिवस त्या अंदाजावर पत्रं लिहीत बसलो. पाणी वरून येतं हे ठरवलं होतं, अगदी तसंच. अकरा वर्षांनी त्या दाराची बेल वाजवायला तुला किती जड गेलं असेल, हे आज स्वतः वाजवल्यावर कळलं.

बाथरूम उद्या पुरं होईल. पाइप बदलला. उतार जाळीकडे आहे, मी ओतून पाहिलं, पाणी गुपचूप जातं. भिंत मात्र सुकायला महिना लागेल. मिस्त्री म्हणतो, अकरा वर्षांची ओल आहे, तिला घाई करून चालत नाही. दांडी अजून लावलेली नाही. कुठे हवी ते तू दाखव, भोक मिस्त्री पाडेल. हातोडी मी त्याला देऊन टाकली, ती घेताना तो माझ्या पाया पडला.

चार वाजताचा चहा आज खाली ठेवतो. कप तीन काढले आहेत. बाईंना विचार आणि त्या नाही म्हणाल्या तर तू वरच घे, मी समजून जाईन.

येणार असलीस तर जिना जपून उतर. उजव्या चपलेची तार सैल झालेली दिसली. ती मी बांधलेली आहे.

तुझाच